गाठीचा श

१

सही लागली आणि त्याच दिवशी आमच्या भाऊजींचं ठरलेलं लग्न मोडलं.

सही म्हणजे फोरमवरची. मलाही हे प्रकरण नव्यानेच कळलं, म्हणून आधी सांगून टाकते. घरात काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्यांचा इंटरनेटवर एक फोरम आहे. तिथे कुणीतरी विचारतं, माझा मासा तिरका का पोहतो, आणि दहाजण उत्तर द्यायला धावतात. प्रत्येकाच्या लिखाणाखाली त्याची एक आडवी रंगीत पट्टी आपोआप येते, तिला ते लोक सही म्हणतात. पट्टीत धड कशाचंच चित्र नसतं. रंगांचे लोट, उजेडाचे फराटे, आणि त्यावर नाव. अशा सह्या बनवण्यात भाऊजींचा हात धरणारा कुणी नाही, असं फोरमवर म्हणतात. घरात आम्ही त्याला रिकामटेकडेपणा म्हणतो.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. दातांच्या कवळ्या बनवतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी चिंगी, आर्किटेक्चर शिकते. या फोरमवरच त्यांची मिलनशी ओळख झाली. तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. दुकानाचं नाव मिलन, म्हणून तिलाही लहानपणापासून सगळे मिलनच म्हणतात. पहिलं लग्न मोडलेलं. दोघंही पन्नाशीला टेकलेले, दोघंही बोलायला महाकंजूष. माशांवरून बोलता बोलता गाडी लग्नावर आली तेव्हा मला त्या माशांना नमस्कार करावासा वाटला होता.

लग्नाआधीची भेट म्हणून भाऊजींनी तिला सही बनवून दिली. निळ्या-हिरव्या लोटांवर मोठ्या अक्षरांत नाव, खाली बारीक ओळ, 'पाण्याशी मैत्री'.

फक्त नाव 'मिलन' नव्हतं. 'मलिन' होतं.

सही बदलली की जुन्या लिखाणाखालीही बदलते. म्हणजे तिने आजवर जे जे लिहिलं त्या सगळ्याखाली, सगळ्यांच्या देखत, मलिन, मलिन, मलिन. तिने भाऊजींना एवढाच निरोप पाठवला, "तुम्हीसुद्धा?" त्यानंतर तिचा फोन बंद.

२

मी विमा कंपनीत दावे तपासते. कुणाचं गोदाम जळालं, की खरंच जळालं का जाळलं, हे बघायला मला पाठवतात. लोक मला जळालेलं दाखवत हिंडतात आणि मी न जळालेलं शोधत हिंडते. सगळा माल खाक झाला आणि मालकाची आवडती खुर्ची तेवढी शाबूत, की समजायचं, इथे पाणी मुरतंय. या नोकरीपायी घरात माझी जीभ तिखट झाली असं आमच्या ह्यांचं म्हणणं आहे. जीभ आधीपासूनच तशी होती, नोकरी नंतर लागली.

भाऊजी त्यांच्या खोलीत कवळ्यांच्या साच्यांमध्ये डोकं धरून बसले होते.

"वहिनी, मी मिलनच लिहिलं. आईशप्पथ."

"शपथा नकोत. कशी बनवलीत ते माझ्यासमोर पुन्हा करून दाखवा."

"आत्ता? वहिनी, माझं लग्न मोडतंय आणि तुम्हाला सही शिकायचीय?"

"उठा म्हणते ना."

त्यांनी संगणक लावला. आधी एक लांबट काळी पट्टी उघडली. मग माशाच्या शेपटीचा फोटो त्यावर टाकला आणि तो इतका धूसर केला की शेपटी कुठली आणि पाणी कुठलं ते कळेना. बोटाने ओला रंग ओढावा तसं ओढणारं एक हत्यार आहे, त्याने फराटे काढले. ते सगळं एका लेयरवर. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक काचा समजा. त्या काचेची नक्कल करून उलटी ठेवली, आणि फक्त उजळ भाग दिसेल असं केलं. वर रंगाची काच, कोपऱ्यात मऊ ब्रशने उजेडाचा ठिपका, कडांना काळोख. बघता बघता माशाची शेपटी गेली आणि समुद्राच्या तळाचं काहीतरी उरलं. रिकामटेकडेपणाच तो, पण देखणा होता. मी तसं बोलून दाखवलं नाही.

"आणि ही अक्षरं," ते म्हणाले. सगळ्यात वरच्या काचेवर त्यांनी टाइप केलं. मिलन. खाली 'पाण्याशी मैत्री'. मग त्यांनी मूळ फाईल उघडून दाखवली. तिथेही मिलनच.

"मग फोरमवर कुणी चढवली?"

"मुकादमाने. तोच फोरम चालवतो. मी त्याला लगेच फोन केला, म्हटलं, अरे हे काय लावलंस? तर म्हणाला, तू पाठवलीस तीच फाईल लावली, मी अक्षरसुद्धा टाइप केलेलं नाही."

"मग काढून का नाही टाकली?"

"टाकली ना, तेव्हाच. पण तोवर दिवसभर होती. तिने बघायचं ते बघितलं होतं."

इथे मिलन होतं आणि तिथे मलिन. दोन ठिकाणांच्या मध्ये कुणाचातरी हात होता, आणि पहिले हात आमच्याच घरात होते.

३

वन्सं, म्हणजे माझी थोरली नणंद, या लग्नाच्या विरुद्ध आहेत हे भिंतींनासुद्धा माहीत आहे. त्या गेले काही दिवस इथेच मुक्कामाला आहेत. मी स्वयंपाकघरात त्यांना गाठलं.

"वन्सं, खरं सांगा. भाऊजींच्या संगणकाला हात लावलात?"

"मी?" त्यांनी लसणाची पाकळी सुरीने ठेचली. "मला तो उंदीर धरता येत नाही, बाण भलतीकडेच पळतो. आणि मला त्या बाईला काही म्हणायचं असेल तर मी तोंडावर म्हणेन. लपूनछपून चित्रं कशाला काढू?"

"काय म्हणाल तोंडावर?"

"हेच, की माझा भाऊ भोळा आहे, त्याला नीट सांभाळायचं असेल तरच ये."

यात विरोध कुठे होता ते मला कळलं नाही. वन्संना बहुतेक स्वतःलाही कळलं नसावं, कारण त्या घाईने डोळे पुसून लसणावर रागावल्या. तरी त्यांचं म्हणणं मला पटलं. त्या कुणाचा अपमान करतील तर पुढ्यात उभ्या राहून करतील, आणि वर पाणीही विचारतील.

चिंगी गच्चीत फोनवर बोलत होती. मला बघून तिने फोन ठेवला, तो जरा जास्तच पटकन.

"बाबांची फाईल तू उघडली होतीस?"

"कोण म्हणालं?"

"कुणी नाही. तू आत्ता म्हणालीस."

ती ओठ चावत राहिली. "काकू, उघडली होती. ते शेपटीचं चित्र आहे ना, तो आईने आणलेला मासा होता. बाबांनी त्याचा फोटो वापरला. मला कसंतरीच झालं."

"मग काय केलंस?"

"काही नाही. बघितलं. त्यांनी तो इतका पुसून टाकलाय की माझ्याशिवाय कुणाला कळणारही नाही. मग मला रडू आलं, आणि मग मी फाईल बंद केली. शप्पथ काकू, मला ती बाई आवडते. एकदा माझ्या कोटाचं अस्तर तिने बदलून दिलं, तर आतून नवीन खिसा शिवून दिला, मी न सांगता."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. पोरीचं रडू खरं होतं, पण रडू खरं असलं म्हणजे बाकीचं खरं असतं असं नाही. फाईल तिने उघडली होती, राग आला होता, आणि चित्रकामात ती बापाच्या वरचढ आहे. तिचं नाव मी मनातून खोडलं नाही.

"काकू," मी जिना उतरताना ती मागून म्हणाली, "एक चूक झाली तर कुणी लग्न मोडतं का? 'मलिन'मध्ये एवढं काय आहे?"

हा प्रश्न खरं म्हणजे मला पडायला हवा होता.

४

मिलनचं दुकान म्हणजे एक अरुंद खोली. शिवणयंत्र, कपडे टांगायची दांडी, दोऱ्यांच्या रिळांचं फडताळ, आणि कोपऱ्यात माशांची छोटी टाकी. ती एका पँटची चेन उसवत होती. मला ओळखून तिने खुर्ची पुढे केली, पण कात्री खाली ठेवली नाही.

"त्यांनी पाठवलं का तुम्हाला?"

"मला कुणी पाठवत नाही. मीच सगळीकडे जाते."

ती हसली नाही. मी सरळ मुद्द्यावर आले. "नावात चूक झाली. वाईटच झालं. पण माणसाला विचारायचं तरी की नाही, बाई?"

तिने चेनचा तुकडा ओढून काढला. "माझ्या पहिल्या सासूबाईंना माझं नाव आवडायचं नाही. दुकानाचं नाव कुणी माणसाला ठेवतं का, म्हणायच्या. लग्नानंतर काही दिवसांतच त्यांनी ते बदललं. कसली मिलन, तू मलिन. आधी रागात म्हणायच्या, मग चेष्टेत, मग सवयीने. पाहुण्यांसमोर सुद्धा. 'मलिन, चहा ठेव.' नवरा हसायचा." तिने माझ्याकडे बघितलं. "मी ते घर सोडलं त्याची कारणं लोक बरीच सांगतात. हे कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं. वहिनी, एकाच माणसाला सांगितलं होतं."

"भाऊजींना."

"हो. तेव्हा ते म्हणाले, ज्याला हे नाव नीट म्हणता येत नाही त्याची जीभ झडो. मी किती रडले होते त्या दिवशी, आनंदाने. आणि आता तोच शब्द त्यांच्या हातचा, माझ्या नावाच्या जागी, सगळ्यांसमोर."

मी उठले. तो शब्द आमच्यापैकी फक्त भाऊजींना माहीत होता. म्हणजे दुसऱ्या कुणी केलं असेल तर त्याला तो कळला कसा?

५

मुकादम हा खरा मुकादम नव्हे. लोकांना कामाला लावायची हौस म्हणून पडलेलं नाव. पाट्या आणि स्टिकर बनवायचं त्याचं दुकान आहे, भाऊजींचा शाळेपासूनचा दोस्त. आमच्याकडे जेवायला यायचा तेव्हा वाढायला उठणारा पाहुणा तोच. माझ्या मते सज्जन माणूस, आणि म्हणून त्याच्याकडे मी सगळ्यांत शेवटी गेले.

दुकानात शाईचा वास भरलेला. भिंतीवर त्याने स्वतःच छापलेली पाटी, 'हात लावू नका, शाई ओली आहे'. संगणक इतका जुना की त्याचा पडदा मागून ट्रंकेएवढा. एक लॉजवाला गिऱ्हाईक त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होता. त्याला 'विश्रांती' अशी पाटी हवी होती.

"अहो, चुकलं ना! आधी वेलांटी मारलीत तुम्ही."

"आधीच मारायची असते," मुकादम तोऱ्यात म्हणाला. "नवीन मशीनं शहाणी असतात. तुम्ही व लिहून वेलांटी दिली की ती स्वतःच उचलून व-च्या आधी नेऊन ठेवतात. हे आमचं म्हातारं काही वाचत नाही, जसं येईल तसं ओळीत मांडतं. म्हणून आधी वेलांटी, मग अक्षर. आणि जोडाक्षर आलं की सरळ पाय मोडून दाखवतं. त्याला माझा जुना फॉन्ट लागतो, त्यात अर्धी अक्षरं सुटी मिळतात. इतकी वर्षं हेच करतोय, माझ्या पाटीत कधी चूक निघाली का?"

मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं, आणि बोलणं बंद पडलं. गिऱ्हाईक गेल्यावर त्याने माझ्यासाठी स्टूल पुसलं.

"वहिनी, फार वाईट झालं हो. पण मी त्याने दिलेलीच फाईल लावली."

"चित्र दिलं होतं का फाईल?"

"फाईल. लेयरसकट. प्रत्येक सहीच्या कोपऱ्यात फोरमचा छोटा मासा मी बसवतो, त्यासाठी लेयर सुटे लागतात."

"उघडताना मशीन काही बोललं का?"

"नाही." तो स्टूल पुन्हा पुसायला लागला, मी त्यावर बसलेली असताना.

जाता जाता मी त्याच्याकडून फोरमवर लागलेलं चित्र मागून घेतलं. त्याने दिलं, पण देताना माझ्याकडे बघितलं नाही.

६

घरी येऊन मी एका पडद्यावर भाऊजींची मूळ फाईल लावली आणि शेजारी मुकादमाने दिलेलं चित्र. भाऊजींना म्हटलं, "एक शब्द बोलू नका. नुसते बसा." त्यांना ते छान जमतं.

आधी नावाकडे बघितलं. मुकादमाचं मशीन वाचत नाही, ओळीत मांडतं. मी कागदावर 'मिलन'ची अक्षरं टाइप होतात त्या क्रमाने सुटी सुटी लिहिली. म, वेलांटी, ल, न. शहाणं मशीन वेलांटी म-च्या आधी नेतं. म्हातारं मशीन तिला म-नंतरच ठेवतं, म्हणजे ल-च्या अगदी आधी. आणि ल-च्या आधी वेलांटी आली की आपण काय वाचतो?

"मलिन," भाऊजी म्हणाले. बोलायचं नाही हे ते विसरले, आणि मीही रागवायचं विसरले.

कुणी शब्द शोधला नव्हता. कुणाला ती जुनी गोष्ट माहीत असायची गरजच नव्हती. तिच्या सासूने जी कोटी केली ती नावातच होती, आणि अडाणी मशीनने तीच पुन्हा केली. भाऊजी दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले. "म्हणजे कुणीच नाही. वहिनी, कुणीच काही केलं नाही! मी तिला आत्ताच्या आत्ता..."

"खाली बसा."

माझं लक्ष न जळालेल्या खुर्चीकडे गेलं होतं. 'मिलन' मोडलं. मग 'पाण्याशी मैत्री' शाबूत कशी? त्या ओळीत ण्या आहे, त्री आहे. ज्या मशीनने वेलांटी चुकवली त्याने ही दोन जोडाक्षरं पाय मोडून दाखवायला हवी होती. फोरमवरच्या चित्रात ती अगदी नीट होती.

मी चित्र मोठं केलं. नावाचा ल दोन्हीकडे एकच, पाकळीचा, तोच फॉन्ट. खालच्या ओळीतला श मात्र निराळा. भाऊजींच्या फाईलीत श-ला खाली देठ होता, आपण शाळेत काढतो तसा. चित्रातल्या श-च्या पोटात गाठ होती. तसाच गाठीचा श मी दुपारी बघितला होता, 'शाई ओली आहे' मध्ये.

खालची ओळ कुणीतरी नव्याने टाइप केली होती. जुन्या फॉन्टमध्ये, सुटी अर्धी अक्षरं जोडून, नीट. आणि जो माणूस "मी अक्षरसुद्धा टाइप केलेलं नाही" म्हणत होता, तो फॉन्ट त्याच्याकडेच होता.

७

दुसऱ्या दिवशी मी फाईल पेनड्राइव्हवर घेऊन मुकादमाच्या दुकानात गेले.

"ही उघडा."

"वहिनी, आता कामं..."

"उघडा म्हणते ना."

त्याने उघडली. मशीनने विचारलं, अक्षरं नव्याने मांडू का? त्याचं बोट बटणावर तसंच राहिलं. मग त्याने हो म्हटलं. निळ्या-हिरव्या लोटांवर 'मलिन' आलं. खाली 'पाण्‌याशी मैत्‌री', दोन्हीकडे पाय मोडलेले.

"हे त्या दिवशीही असंच दिसलं ना?"

"लक्षात नाही आलं माझ्या."

"खालची ओळ लक्षात आली. ती पुसून तुम्ही जुन्या फॉन्टमध्ये पुन्हा लिहिलीत. तिचा श गाठीचा आहे, भाऊजींचा देठाचा. बारीक अक्षरातली ओळ दिसली आणि तिच्या डोक्यावरचं एवढं मोठं नाव दिसलं नाही? वेलांटी आधी मारायची, एवढंच तर काम होतं. काल त्या लॉजवाल्यासाठी तुम्ही ते न बघता केलंत." माझा आवाज चढला होता. "मैत्री दुरुस्त केलीत आणि मलिन तसंच ठेवलंत, मुकादम!"

त्याने फाईल बंद केली. मग म्हणाला, "खालची ओळ आधी केली. वर गेलो, तर हात थांबला. म्हटलं, हे मी कुठे केलंय, मशीनने केलंय. राहू दे एक दिवस. लोक जरा हसतील, तो जरा ओशाळेल. एवढंच."

"पण का? तुमचा जिवाभावाचा मित्र तो."

"मी विचारलं होतं तिला," मुकादम म्हणाला. "त्याच्या आधी. ती म्हणाली, तुम्ही माणूस चांगले आहात. मग दोन महिन्यांनी हा मला सांगायला आला, की ती हो म्हणाली. पेढे घेऊन आल्यासारखा हसत. त्याला माहीत नव्हतं. त्याला कधीच काही माहीत नसतं."

त्याला मी सासूबाईंची गोष्ट सांगितली. सांगायला नको होती, ती माझी नव्हती. पण त्याने काय केलं ते त्याला कळायला हवं होतं. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला. मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला.

"तिला तुम्ही सांगा," मी म्हटलं. "नाहीतर मी सांगते, आणि मी तुमच्यासारखी सज्जन नाही."

८

त्याने सांगितलं असेल यावर मी विसंबले नाही. सकाळी भाऊजींना घेऊन मिलनच्या दुकानावर गेले. त्यांना बाहेर फुटपाथवर उभं केलं, बजावलं की हाक मारेपर्यंत हलायचं नाही, आणि दोन्ही चित्रांचे प्रिंट घेऊन आत गेले. बोलण्याची तयारी झाली होती. म, वेलांटी, ल, न.

"राहू द्या, वहिनी," ती म्हणाली. "मुकादम काल संध्याकाळी येऊन गेले. मशीन, वेलांटी, सगळं सांगितलं. इथे उभे राहून लहान मुलासारखे रडले."

"मग?" मला हायसंही वाटलं आणि थोडं वाईटही, माझा पुरावा हातातच राहिला. "मग आता काय अडलंय? भाऊजी बाहेर उभे आहेत."

"दिसले मला. मघापासून दिसतायत."

"तर बोलवा ना आत!"

ती यंत्रावरून उठली, पण दारापर्यंत गेली नाही. टाकीतले मासे बघत बोलत राहिली. "मुकादमांनी एक दिवस राहू दिलं. मी तर एका मिनिटात मानलं, वहिनी. त्या माणसाने माझ्यासाठी काय काय केलं ते सगळं एका बाजूला, आणि तो एक शब्द एका बाजूला, आणि मी शब्दाचं ऐकलं. विचारलंसुद्धा नाही. तुम्ही त्या दिवशी म्हणालात ना, विचारायचं तरी की नाही? मशीनची चूक निघाली म्हणून मी सुटले. उद्या दुसरं काही झालं, तर मी पुन्हा अशीच मानेन. अशी बायको त्यांनी का करून घ्यावी?"

असल्या दाव्याला माझ्याकडे तपासणी नव्हती.

उत्तर दारातून आलं. हलायचं नाही म्हणून बजावलेले आमचे भाऊजी उंबरठ्यावर उभे होते. किती ऐकलं होतं कोण जाणे.

"मीपण चुकलो," ते म्हणाले. "तू फोन बंद केलास आणि मी घरी बसून राहिलो. इथे यायला पंधरा मिनिटं लागतात. मला वाटलं, तू दार लावलंस तर? म्हणून वहिनींना पाठवलं."

"मला कुणी पाठवत नाही," मी म्हटलं, पण माझं कुणी ऐकत नव्हतं.

"म्हणजे तुम्ही घाबरला होतात," मिलन म्हणाली.

"फार."

"मीपण."

बोलायला कंजूष माणसं, काय करणार. मला वाटलं, आता मलाच दोघांच्या डोक्यात टपली मारावी लागणार.

मग भाऊजी म्हणाले, "पुढच्या वेळी तू पुन्हा मानशील. मान. पण मला शिव्या द्यायला फोन कर. मी उलट बोलणार नाही, मी येईन. एवढं जमेल?"

तिने डोळे पुसले आणि रागाने त्यांच्याकडे बघितलं, अगदी बायकोसारखं.

"दारात काय उभे आहात," ती म्हणाली. "आत या."